विनिपेगची थंडी आणि आईची आगोट

काकू, नमस्कार.

मी बारा वर्षं कॅनडात विनिपेगला होतो. वडील गेल्यावर, गेल्या दिवाळीत, बायको-मुलीसह गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी कायमचा परत आलो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, मागे नारळी-पोफळीचं आगर. शिक्षण मुंबईत झाल्यामुळे मी इथे फक्त मे महिन्यात यायचो आणि पाऊस पडायच्या आत परत जायचो.

तिकडे ऑक्टोबर आला की आमची यादी ठरलेली असे. बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून नळी रिकामी करायची, खिडक्यांना पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवायची, दाराच्या फटींना पट्ट्या लावायच्या. उणे तीसमध्ये हे केल्याशिवाय भागत नाही. इथेही पावसाची तयारी तशीच करावी म्हणून मी कामाला लागलो. पडक्या दगडी गडग्याच्या जागी सिमेंटचं कंपाउंड बांधलं, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक बसवले, समुद्राकडच्या दोन जुन्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. आता कौलं आणि भिंत यांच्यामधली फट फोमने बुजवायची आणि कौलांखाली प्लास्टिक ताणायचं असं मनात आहे.

आई ७४ वर्षांची आहे. ती रोज म्हणते, "आधी आगोट कर." आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी. तिची आगोट म्हणजे झापं (माडाच्या झावळ्यांचे विणलेले तट्टे), सुकी मासळी, न्हाणीतली चूल आणि पडवीत भिंतीला लावून रचलेली लाकडं. विहिरीचं पाणी उकळून पिऊ म्हटलं की तिला राग येतो. तिचं किती ऐकू आणि किती सोडू? आणि सुरुवात कुठून करू?

एक वाचक, गुहागर तालुका

आधी ती फोमची बाटली खाली ठेवा. दुकानदार परत घेत असेल तर परत देऊन या. मग बोलू.

तुमचं पत्र वाचून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. बरं अशासाठी, की गावी परतलेले बहुतेक जण माजघरात धार लागली की मग मला लिहितात. तुम्ही एप्रिलातच लिहिलंत. हसू आलं ते तुमच्या तीन कामांना. कंपाउंड, पेव्हर ब्लॉक आणि खिडक्या, तिन्ही तुम्ही हौसेने केलीत आणि तिन्ही पावसाला घरात यायचं आवतण देऊन बसली आहेत. घाबरू नका, पाडापाडी करायला सांगणार नाही.

विनिपेगची तुमची यादी जरा नीट बघा. तिच्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बसल्या आहेत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, बंद नळीत फुगायला जागा मिळाली नाही की नळी फोडतं, म्हणून तुम्ही नळी रिकामी करत होतात. पाणी कोंडायचं नाही ही रीत तिथेही होतीच. यादीतला हा भाग खुशाल इथे आणा. फिल्म, पट्ट्या, फटी बुजवणं हा दुसरा भाग घरातली ऊब राखण्यासाठी होता. जुलैत गुहागरात ऊब कोणाला राखायची आहे? इथे बाहेरची हवा ओली आणि घरातली त्याहून ओली. भात शिजतो, आंघोळी होतात, दोरीवर चार दिवसांचे कपडे कुबट वास सोडत लोंबत असतात. ही सगळी वाफ वर जाते आणि ज्या फटीवर तुमचा डोळा आहे तिथूनच बाहेर पडते. गवंडी ती विसरला म्हणून राहिलेली नाही. ते घराचं नाक आहे. ते बुजवलंत तर गणपतीपर्यंत कपाटातले बूट हिरवे झालेले असतील आणि मुलीच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली.

कौलांखाली प्लास्टिक ताणायचा शहाणपणा आम्हीही एकदा केला होता. एका खोलीत थेंब पडायचे म्हणून यजमानांनी रिपांखालून, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्यांखालून, प्लास्टिकचा कागद ताणून खिळे मारले. पहिला पाऊस सुखाचा गेला, दुसराही गेला. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईला माळ्यावर चढून कागद कापला, तर वरच्या रिपा शिळ्या भाकरीसारख्या हातात मोडत होत्या. कौल फुटलेलं होतं तिथे फुटलेलंच होतं, पाणी तीन वर्षं येत होतं, फक्त ते आम्हाला दिसत नव्हतं. गळणारं कौल निदान तोंडाने सांगतं तरी. त्या एका खोलीच्या रिपा आणि चार वासे बदलण्यात जो खर्च झाला, त्यात सबंध घर दहा वेळा शाकारून झालं असतं.

तेव्हा सुरुवात छपरापासून करा, आणि आजच करा. कौलांवर चढणारी माणसं आता गावागावांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ती कोणालाच सापडत नाहीत. माझ्या घरचा हिशोब असा आहे, की अक्षय्य तृतीयेला गडी सांगायचा आणि रोहिणी लागायच्या आत, म्हणजे साधारण २५ मेच्या आत, शिडी खाली उतरलेली पाहिजे. मृगाची, ७ जूनची, वाट बघत बसण्याचे दिवस आता राहिले नाहीत. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांनी मुंबईत येऊन ठेपला. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावर आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. २०२० मध्ये निसर्ग वादळ ३ जूनला श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, तेव्हा कित्येकांची कौलं उतरवून खळ्यात रचलेली होती. उघडं घर आणि वर वादळ, याहून वाईट काही नाही.

शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, ही फुटकी कौलं बदलण्यापुरतीच समजू नका. गड्याला कौलं काढून, झाडून, परत लावायला सांगा. दोन कौलांच्या सांध्यातल्या खाचेत वर्षभराचा पालापाचोळा, माती आणि शेवाळ साठतं. मग पाणी खाचेतून वाहायचं सोडून आत उलटतं. नवीन कौल आणण्याआधी जुन्याशी जुळवून बघा, कारण कारखाना बदलला की माप बदलतं, आणि न जुळणारं कौल शेजारच्या दोघांना उचलून धरतं. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, हाताने हलवून बघा, ढिले असतील तर पुन्हा भरून घ्या. घराला जोडून पत्र्याची शेड असेल तर हुक आणि त्यांच्याखालचे रबर तपासा, वारा पहिला हात पत्र्याच्या कडेलाच घालतो. कौलं निघालेली असतात त्या दिवशी वाशांची टोकं पेचकसाने टोचून बघा. टोक आत गेलं तर वासा बदला. चांगल्या वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावून घ्या, वाळवीवर त्यासारखं औषध नाही. मात्र हातमोजे घालून. ते तेल कातडीला लागलं तर पोळून फोड येतात, हे काजू सोलणाऱ्या बायकांना विचारा.

वानर ही स्वतंत्र व्यथा आहे. त्यांच्यासाठी शंभरेक जादा कौलं मांगरात (घराबाहेरच्या कोठारात) ठेवा. यापलीकडे माझ्याकडे उपाय नाही, आणि असल्याचं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

तुम्ही स्वतः कौलांवर चढू नका. तिकडे बर्फ ओढायला चढत असाल, इथलं कौल चढणाऱ्याचा पाय ओळखतं.

आता खळ्यात या. तुमचं छप्पर हजार चौरस फुटांचं धरू. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत आपल्याकडे त्याची बातमीसुद्धा होत नाही, तर त्या छपरावरून नऊ हजार लिटरहून जास्त पाणी पागोळ्यांनी खाली येतं. ते पूर्वी मातीच्या खळ्यातून कडेच्या चरात जायचं, काही जमिनीत मुरायचं. पेव्हर ब्लॉकखाली कामगारांनी माती चोपून वर खडी-कच घातली असेल, त्यातून फारसं मुरणार नाही. म्हणून उतार कुठे आहे हे आज तपासा. विहिरीचा पंप लावून, नळी पागोळ्यांच्या रेषेत धरून, अर्धा तास पाणी सोडा आणि चहा पीत बघत बसा. पाणी जोत्याकडे वळलं तर जोत्यापासून दोन-तीन फुटांवरची ब्लॉकची एक रांग उचला आणि तिथे वीतभर रुंदीचा चर काढा. चार ब्लॉक वाया जातील. जांभा पाणी पितो हे विसरू नका. जोत्याशी पाणी तुंबलं की चिरा ते वर ओढत नेतो आणि श्रावणात भिंतीवर कमरेइतका ओला पट्टा दिसतो. मग लोक रंगवाल्याला शिव्या देतात.

कंपाउंडचं जास्त मनावर घ्या. गडगा पडका होता म्हणून तुम्ही काढलात, ते समजलं. पण गडगा रचलेला असतो, बांधलेला नसतो. दगडावर दगड, मध्ये ना माती ना चुना, त्यामुळे वरच्या अंगाचं पाणी त्यातून गाळून खाली जातं आणि माती मागे राहते. तुमची सिमेंटची भिंत आता धरण झाली आहे. वरच्या बाजूला पाणी तुंबेल, माती फुगेल, आणि एखाद्या रात्री भिंत आडवी होईल. किंवा भिंत टिकली तर ते पाणी वळसा घालून शेजाऱ्याच्या आगरात शिरेल. दुसरं झालं तर जास्त महाग पडेल. कोकणात पाण्याच्या आणि वाटेच्या वहिवाटीवरून आजोबांनी लावलेले दावे नातू चालवतात.

उपाय सोपा आहे. गवंड्याला परत बोलवा आणि भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, पाच-सहा फुटांवर एक अशी भोकं पाडून चार इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे बसवून घ्या. वरच्या अंगाला प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी मुठीएवढे दगड रचा, म्हणजे पाला अडकून तोंड बंद होणार नाही. आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात हातभर रुंद मोकळं तोंड ठेवा, त्याला गज लावा. ते कुठे ठेवायचं हे गवंड्याला कळणार नाही. त्यासाठी आईला एका संध्याकाळी हाताला धरून आगराच्या कडेने फिरवा आणि विचारा, "पूर्वी पाणी कुठून जायचं?" ती काठीने रेघ ओढून दाखवेल. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, आटला तरी वाट विसरत नाही. तुम्ही त्यावर काय बांधलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

घरामागे कापलेला डोंगर किंवा उंच बांध असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे लक्ष द्या. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगते. वरच्या अंगाला नवी भेग, कललेलं झाड, अचानक फुटलेला गढूळ झरा, यातलं काहीही दिसलं तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही.

समुद्राकडच्या खिडक्यांबद्दल. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, आडवा येतो. जुन्या घरांच्या त्या अंगाला खिडक्या लहान आणि पडवी खोल असायची ती उगाच नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. नव्या खिडक्यांत ती बहुतेक वेळा सिमेंटच्या शिंतोड्यांनी बंद झालेली असतात. खराट्याची काडी घालून मोकळी करा, मग तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं की आत हे बघा. खिडकीची चौकट आणि चिरा यांच्यामधला सांधा तेवढा सिलिकॉनने भरा. ही एकच फट बुजवायला माझी परवानगी आहे.

आणि त्या अंगाला झापं बांधा. आई म्हणते ते अगदी खरं. तुमच्या माडांची चुडतं, म्हणजे झावळ्या, फुकट आहेत. ती पाण्यात भिजत घालून विणायची, बांबूच्या चौकटीवर बांधायची आणि पडवीच्या पश्चिमेला उभी करायची. झापावर पावसाचा मारा फुटतो, वारा मात्र गाळून आत येतो. निळी ताडपत्री लावलीत तर सोय वाटेल, पण पहिल्या सोसाट्यात तिचं शीड होतं, फाटते ती फाटते आणि जाताना पडवीचा खांब हलवून जाते. विणणारं कोणी मिळालं नाही तर शेडनेट दुहेरी करून लावा. दिसायला वाईट, काम बरं.

चुलीबद्दलही आईच जिंकली. पूर्वी स्वयंपाकघरातला धूर वासे-रिपांमधून वर झिरपायचा. लाकूड काळं व्हायचं पण कोरडं राहायचं, आणि वाळवीला, भुंग्यांना तो मानवत नसे. गॅस आला, बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं भलं झालं, पण छपराचा तो रोजचा शेक गेला. स्वयंपाक चुलीवर करा असं मी कोणालाही सांगणार नाही. न्हाणी घराला लागून असेल तर आंघोळीचं पाणी मात्र पावसाचे चार महिने चुलीवर तापवा. तासभराची ती ऊब मागच्या भिंतीचा ओलावा ओढून घेते आणि वरच्या दोरीवर मुलीचा शाळेचा गणवेश वाळतो. घरात कोणाला दमा असेल तर हे सोडून द्या.

आता आई जिथे चुकते ते. माझंही वय तिच्या आसपासचं आहे, तेव्हा मी सांगितलं असं बेलाशक सांगा.

लाकडं पडवीत भिंतीला लावून रचायची नाहीत. आमच्या सासूबाईही तशीच रचत, आणि एका आषाढात सरपण काढताना त्यांच्या हाताजवळून फुरसं, म्हणजे विषारी साप, सरकलं. नशीब बलवत्तर. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाला कमी नाही, आणि पावसात बिळांत पाणी भरलं की सगळीच जनावरं कोरडी जागा शोधतात. लाकडांचा ढीग म्हणजे त्यांची धर्मशाळा. शिवाय भिंतीला टेकलेल्या लाकडातून वाळवी थेट चौकटीत चढते. लाकडं मांगरात किंवा घरापासून चार हात दूर, जांभ्याच्या तुकड्यांवर फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर वर रचा, आणि काढताना आधी काठीने ठोका. चावलंच तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काही नाही. माणसाला स्वस्थ ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

विहिरीच्या पाण्याबद्दल तर तिचं अजिबात ऐकू नका. "आपल्या विहिरीचं पाणी" हा आम्हा म्हाताऱ्यांचा अभिमान आहे, आणि एप्रिलपर्यंत तो बराचसा खराही असतो. जुलैत विहीर काठोकाठ भरते, म्हणजे वरचं सगळं तिच्यात उतरलेलं असतं, गोठ्याचं, शौचालयाच्या शोषखड्ड्याचं, सगळं. कठड्याभोवती सिमेंटचा उतार बाहेरच्या बाजूला करून घ्या, आणि ब्लिचिंग पावडर घाला. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर खोल असेल तर ते साधारण २८ हजार लिटर झालं, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी रात्री विहिरीत सोडा. सकाळपर्यंत वासही कमी होतो. पावडर बंद पाकिटातली घ्या, उघडी राहिलेली दमटपणात निकामी होते. पिण्याचं पाणी तरीही उकळा. आईला चव आवडली नाही तर उकळलेलं पाणी मातीच्या माठात ओता आणि काही सांगू नका.

विजेचं थोडक्यात सांगते. विजेची गळती झाल्यावर पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच बसवलेला नसेल तर बाकीची सगळी खरेदी थांबवून तो आधी बसवा; असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का बघा. अर्थिंगचा खड्डा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. विहिरीवरची मोटर पाण्याची पातळी चढायच्या आत वर उचलून घ्या, दर वर्षी कोणाची तरी बुडते. खळ्यातला मांडव उतरवाल तेव्हा त्याच्यावरून नेलेली दिव्याची वायरही उतरवा. ती तशीच राहते आणि श्रावणात कोणीतरी तिच्यावर ओला टॉवेल टाकतं. विजा पाऊस सुरू होण्याआधी आणि परतीच्या वेळी जास्त कडाडतात, तेव्हा राउटर आणि टीव्हीचे प्लग नुसते बंद न करता ओढून काढा. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप फोनवर घ्या, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. वीज गेल्याच्या तक्रारीसाठी १९१२ हा फोन आहे, लागला तर लागला. निसर्ग वादळानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हा एक रॉकेलचा किंवा सौर कंदील हाताशी असू द्या.

आगरात पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, पावसाआधी एक फेरी मारायला सांगा. सुकी चुडतं, सुके नारळ आणि घराच्या अंगाला लोंबणारे घड उतरवायचे. हिरवी चुडतं छाटायची नाहीत. वादळात माड घरावर पडेल या भीतीने काही जण त्याचा शेंडा उडवतात. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की माड मेला, आणि मेलेला माड जास्त लवकर पडतो. आंब्याची छपरावर आलेली फांदी तोडा आणि बांडगुळंही आत्ताच काढा.

पोफळीला मेच्या अखेरीस एक टक्का बोर्डो मिश्रण मारा, नाहीतर कोळे रोगाने आषाढात कच्च्या सुपाऱ्यांचा सडा पडेल. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, धातूचं भांडं नको. मिश्रणात कोयत्याचं पातं बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पुढची फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की. बाकीचं दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील आणि रागावणारही नाहीत.

पावसात आगरात उतरायचं तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, विशेषतः पायाला चीर असेल तर. उंदरांच्या मुतातून पाण्यात लेप्टो येतो. ताप आला की "भिजल्यामुळे असेल" म्हणून घरी काढा पीत बसू नका.

बेगमी आईवर सोडा. त्यात तुम्ही आणि सूनबाईंनी फक्त पिशव्या उचलायच्या. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे सुकट, बोंबील, खारे बांगडे मेच्या बाजारातच घ्यावे लागतात. या दिवसांत किनाऱ्यावर एक फेरी मारा. होड्या वर ओढून त्यांच्यावरही झापं चढवतात. कशी बांधतात, बाजू उघड्या का ठेवतात, हे मुलीला घेऊन जाऊन बघा. तुमच्या पडवीच्या कामाला उपयोगी पडेल.

बेगमीतली एकच गोष्ट सांगते, कारण नवीन माणसं हटकून चुकतात. पापड, आमसुलं, सांडगी मिरच्या कडक उन्हातून आणल्या की लगेच डब्यात भरायच्या नाहीत. गरम भरल्या तर आतली वाफ झाकणाला घाम आणते आणि दिवाळीपर्यंतचा माल आषाढातच बुरसतो. सुपात पसरून पूर्ण निवू द्यायच्या, मग भरायच्या. आणि विनिपेगहून त्या खिडकीच्या फिल्मचा एखादा रोल आणला असेलच, तुम्ही लोक काही टाकून येत नाही. तो आईला द्या. निवलेल्या डब्याच्या तोंडावर एक पदर ताणून वर झाकण घट्ट लावायला तो फार छान आहे.